ढग हाकलणारं चाक

मी संशयी बाई आहे, हे लपवून उपयोग नाही. माझ्या तोंडावरच ते दिसतं. नांदेडला आमचं मेडिकलचं दुकान आहे आणि गल्ल्यावर मी बसते. पाचशेची नोट बोटांनी चोळून बघितल्याशिवाय आत जात नाही, आणि कंपनीच्या माणसानं खोकं आणलं की सील न बघता मी सही करत नाही. नवरा म्हणतो, ही देवळात प्रसाद घेतानासुद्धा तारीख विचारील. विचारीन. त्यात वाईट काय आहे?

आई गेल्यापासून माझे वडील, अप्पा, भोकरच्या पुढं शेतातच राहतात. शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा मांडव, गोठ्यात एक गाय आणि तिचं वासरू. गाव ओढ्यापलीकडं. विजेचे खांब गावातून निघाले आणि ओढ्याच्या काठाला येऊन थांबले. पुढं यायला त्यांना कधी मुहूर्तच लागला नाही. अप्पांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. कंदील होता, बॅटरी होती, आणि शेताला जाता-येता मांडवात टेकून चहा पिणारी माणसं होती.

मग डॉक्टरांनी अप्पांना इन्सुलिन सुरू केलं. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं, नाहीतर त्याचा जोर जातो आणि माणूस सुई टोचून घेतो ती नुसती टोचून घेण्यापुरतीच. मी सरळ सांगितलं, फ्रीज चालणार नसेल तर आखाडा बंद करा आणि नांदेडला चला.

अप्पा म्हणाले, "तुज्या तिसऱ्या मजल्यावर म्या काय करू? खिडकीतून रिक्षा मोजू?"

एवढं बोलून ते गोठ्यात गेले आणि दिवेलागणीपर्यंत बाहेर आले नाहीत. गाईला नीट वैरण घातलेली असताना तिच्यापुढची वैरण ते पुन्हा पुन्हा सारखी करत होते. ते बघून मला भरून आलं आणि रागही आला. शेवटी मीच नमले. आखाड्यावर वीज आणायची, पण खांबाची वाट न बघता आणायची, असं ठरलं.

ओळखीतून लातूरचा एक फिटर मिळाला. ओळखीतून मिळालेल्या माणसावर मी जरा जास्तच नजर ठेवते, कारण ओळखीचा माणूस फसवतो तेव्हा भांडताही येत नाही. त्यानं मांडवावर सोलरच्या प्लेटा बसवायचं सांगितलं ते मला पटलं. प्लेटा मी बघितल्या होत्या. पण वर तो म्हणाला, लोखंडी पाइप उभा करून त्यावर वाऱ्याचं चाकही लावू. मला वाटलं, हा आता उगाच एकेक वस्तू गळ्यात मारतोय.

"ताई, तुमच्याकडं उन्हाळ्यात प्लेटा रग्गड वीज देतेल," तो म्हणाला. "पण आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ असतंय. तवा प्लेटा काय करतेल? आन् त्याच दिवसांत वारा लई असतोय. ऊन आन् वारा म्हंजे दोन जावा हायत. एक बसली की दुसरी कामाला लागती. दोघींची कमाई एकाच बॅटरीत जाती. फ्रीज थांबत न्हाई."

मी त्याच्याकडून हे तीनदा वदवून घेतलं, नवऱ्यासमोर एकदा वदवून घेतलं, आणि मगच हो म्हणाले. पाइपाला चारी बाजूंनी तारांचे ताण दिले. बुडाशी बिजागरी ठेवली, म्हणजे दुरुस्तीसाठी आख्खा पाइप आडवा करता यावा. वर तीन पात्यांचं चाक, मागं शेपूट. खोलीच्या भिंतीवर एक खटका. वादळ सुटलं तर तो खाली ओढायचा, चाक जागच्या जागी थांबतं, असं त्यानं अप्पांना दाखवून दिलं. अप्पांनी तो खटका स्वतः ओढून बघितला, पुन्हा वर केला. चाक फिरायला लागलं तेव्हा ते लहान पोरासारखे मान वर करून बघत उभे राहिले.

बांधापलीकडं माझ्या चुलतभावाचं शेत आहे. तोही बघायला आला होता. हाताची घडी घालून उभा होता. चांगलं म्हणाला नाही की वाईट म्हणाला नाही. दर नांगरटीला आमचा बांध जरासा आमच्या बाजूला सरकतो, असं माझं ठाम मत आहे. अप्पा म्हणतात, बांध हाय तिथंच हाय, तुजी नजर सरकती. पण मी त्या दिवशी घरी जाताना नवऱ्याला म्हणाले, हा माणूस गप्प आहे ते बरं नाही.

उन्हाळा झकास गेला. दर रविवारी आम्ही गाडीनं जायचो, मी फ्रीज उघडून आत हात घालायची आणि गार लागलं की जीव थंड व्हायचा. मृगात पाऊस बरा झाला, पेरण्या झाल्या, सोयाबीन गुडघ्याला आलं. आणि मग पावसानं दडी मारली. सकाळपासून झाकोळ असायचा, रोज दुपारी पश्चिमेकडून आभाळ दाटून यायचं, वारा सुटायचा, शेतावर सावली पडायची, आणि ते सगळं तसंच तेलंगणाकडं निघून जायचं. सोयाबीन फुलात होतं. माणसं आभाळाकडं बघत बोलायची आणि बोलता बोलता थांबायची.

त्याच सुमारास अप्पांची साखर वाढायला लागली. रविवारी मी बोटाला सुई टोचून तपासायची तर आकडा मागच्यापेक्षा वर. मी पहिल्यांदा अप्पांवरच संशय घेतला. गुळाचा डबा हुंगून बघितला, उशीखाली हात घातला. अप्पा म्हणाले, "आता माजी झडती घे." मग मी इन्सुलिनची बाटली बघितली. आत काचेला पांढरे कण धरले होते. असं औषध गिऱ्हाइकाला दिलं असतं तर मी स्वतःला पोलिसांत दिलं असतं. फ्रीजमध्ये हात घातला तर आत आणि बाहेर एकच हवा. बॅटरीच्या डब्यावर लाल दिवा लागला होता.

त्या आठवड्यात माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. फिटरनं जुन्या बॅटऱ्या रंगवून दिल्या, हा पहिला संशय. त्याला फोनवर असं झापलं की तो लातूरहून दुसऱ्याच दिवशी आला. चाक तेव्हा फिरत होतं, आम्ही रविवारी जायचो तेव्हाही फिरायचं. बॅटऱ्या तपासून म्हणाला, "ताई, बॅटऱ्या ठणठणीत हायत. पर त्या भरतच न्हाईत." मग दुसरा संशय. चुलतभावाकडं फवारणीचा बॅटरीवरचा पंप आहे. हल्ली सगळ्यांकडं आहे. तो पंप त्यानं आमच्या आखाड्यावर लावून चार्ज करायला किती वेळ लागतो? अप्पा दुपारी डुलकी काढतात. फिटरला विचारलं तर तो म्हणाला, एका पंपानं एवढं होत नसतंय. मी म्हटलं, एकच पंप कशावरून? भावकीत पंप पुष्कळ आहेत.

अप्पांना विचारलं की ते म्हणायचे, "आभाळ हाय ना. ऊन कुठं हाय?" आणि विषय बदलायचे. आपला बाप खोटं बोलतोय असा संशय मला का आला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मी न सांगता जायचं ठरवलं. मधल्या वारी, दुकान नवऱ्यावर टाकून, बर्फाच्या डब्यात नवीन बाटल्या घेऊन एसटीनं भोकरला उतरले. तिथून ऑटो केला. ओढ्यापासून पुढं चालत निघाले तर वारा एवढा की पदर खांद्यावर ठरेना. ज्वारीची धाटं जमिनीला टेकून उठत होती. आभाळ काळं झालं होतं. आणि समोर आमचं चाक. हलत नव्हतं. पाती जागच्या जागी थरथरत होती, बस्स.

बांधावर चुलतभाऊ आणि गावातली चार-पाच माणसं बसली होती. सगळ्यांची तोंडं आभाळाकडं. मला बघून ती उठली. मी काही विचारलंच नाही, सुरुवातच केली. म्हटलं, चाकात काय घातलंस? म्हाताऱ्या माणसाचं औषध नासवून काय मिळतं तुला? बांध खाल्लास तो खाल्लास, आता बापाचा जीव खातोस काय? मी दुकानात गिऱ्हाइकाशी भांडते तेव्हा निदान काउंटर मधे असतो. इथं तोही नव्हता.

चुलतभाऊ माझ्यापेक्षा लहान आहे, मला अक्का म्हणतो. त्याचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"अक्का," तो म्हणाला, "म्या चाकाला हात न्हाई लावला. तुमी अप्पालाच इचारा."

अप्पा मांडवात उभे होते. त्यांनी मला आत बोलावलं. भिंतीवरचा खटका खाली ओढलेला होता.

"मीच बंद केलंय," ते म्हणाले. "आभाळ आलं की बंद करतो. रोज."

मग अप्पांनी सांगितलं ते असं. लातूर-धाराशिवकडं डोंगरांवर मोठ्या पवनचक्क्या आल्या तेव्हापासून एक गोष्ट गावोगाव फिरते की त्यांची पाती ढग कापतात, पाऊस हाकलून लावतात. पाऊस थांबला तशी ती गोष्ट आमच्या गावातही पारावर येऊन बसली. गावात फिरणारं चाक एकच होतं. कोणी अप्पांना तोंडावर काही बोललं नाही. फक्त चहाला थांबणारी माणसं थांबेनाशी झाली. कोणी ओढ्याच्या खालच्या वाटेनं जायला लागलं. गाय आजारी पडली तेव्हा हाक मारली तर 'येतो येतो' म्हणून कोणी आलं नाही. एक दिवस अप्पांनी खटका ओढला. त्या संध्याकाळी दोघंजण चहाला आले, चाकाबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि दोन कप पिऊन गेले.

"तुमचा विश्वास बसला यावर?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"त्यांचा हाय ना."

"आणि औषध? ते नासतंय, साखर वाढतेय, आणि तुम्ही मला आभाळाची कारणं सांगत बसला!"

"सांगितलं असतं तर तू मला नांदेडला उचलून नेलं असतं," अप्पा म्हणाले. "मंग म्हनलं, जितकं चालंल तितकं चालू दे. हे बघ, मला घेरी आली तर तू दोन तासानं येशील. ते हाकेसरशी येतेल. उजेडाबिगर मी ऱ्हायलोय की आख्खा जन्म. मानसाबिगर आखाड्यावर कसं ऱ्हाऊ?"

मला नुसता राग आला. मी तरातरा बाहेर गेले. बांधावरची माणसं तशीच उभी होती. आभाळ एव्हाना निम्मं पुढं सरकलं होतं आणि पूर्वेला ऊन दिसत होतं.

"चाक बंद आहे," मी म्हणाले. "कुठं आहे पाऊस?"

मग त्यांच्यातला एक म्हातारा हळूच म्हणाला, "बंद हाय, पर उभं हाय ना, बाई."

इथं माझं डोकं फिरलं. म्हटलं, उभं आहे ना? मग आडवं करा. आत्ता, माझ्यासमोर. आणि आडवं करून आठवडाभरात पाऊस नाही आला तर सगळ्यांनी इथं येऊन अप्पांची माफी मागायची आणि आपल्या हातानं हे चाक परत उभं करायचं. चालतंय का? ती माणसं एकमेकांकडं बघायला लागली. अप्पा मागून म्हणाले, असल्या पैजा लावू नये. पण मी कोणाचं ऐकते?

चुलतभावानं ताण सोडले. चौघांनी दोर धरला आणि पाइप इतका हळू खाली घेतला की मला त्यांच्यात वाईट काढायला जागा सापडली नाही. चाक टेकायच्या आधी त्यानं पळत जाऊन खाली पोती अंथरली. पाती वाकू नयेत म्हणून स्वतः त्यांच्याखाली हात दिला. मी मनात म्हटलं, एवढी काळजी कशाला करतोय, नक्की काहीतरी आहे.

फ्रीज बंद, त्यामुळं अप्पांना आखाड्यावर ठेवता येईना. गाय चुलतभावाकडं सोपवून मी त्यांना आणि बर्फाच्या डब्याला घेऊन नांदेडला आले. वाटेत मुदखेडच्या फाटकाला गाडी थांबली तेव्हा अप्पा म्हणाले, "आभाळ हाय बघ." मी म्हटलं, असू दे, जाईल. मला ते जायलाच हवं होतं. दुष्काळ पडावा असं कुठल्या शेतकऱ्याच्या मुलीला वाटतं? मला त्या दिवशी वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांचा फोन वाजला. चुलतभाऊ होता. अप्पांनी फोन कानापासून लांब धरला, कारण तो ओरडत होता आणि त्याच्या मागं पत्र्यावर आवाज चालला होता. "अप्पा, पाऊस पडून राहिला! लई पडून राहिला!" अप्पांनी डोळे पुसले. मी सांगितलं, हा योगायोग आहे. टीव्हीवर आधीपासून सांगत होते. सगळ्या जिल्ह्यात पडतोय. नवरा म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण आता हे तू त्या गावात जाऊन सांग." आणि हसायला लागला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

अप्पा आठवडाभर आमच्याकडं राहिले. साखर खाली आली, पण अन्न कमी झालं. सकाळी उठून खिडकीशी बसायचे ते तिथंच. एकदा मी विचारलं, "अप्पा, खरं सांगा. तुम्हालाही वाटायला लागलंय का, चाकानं पाऊस गेला होता म्हणून?"

"तसं न्हाई," ते म्हणाले. "पर उतरवलं, आन् पडला ना."

म्हणजे पैज मी नुसती हरले नव्हते. गावाला पुरावा मीच करून दिला होता. आता त्या पंचक्रोशीत कोणाच्या बापाला चाक उभं करता येणार नव्हतं. फिटरला विचारलं तर तो म्हणाला, प्लेटा वाढवू, पण ढगाळ दिवसांत फ्रीजची खात्री मी देत नाही, ताई, वाऱ्याचं काम वाराच करतो. मग मी अप्पांना म्हटलं, आता तुम्ही इथंच राहायचं. अप्पा हो म्हणाले. हो म्हणाले तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. मला वाटलं होतं ते भांडतील.

रविवारी गाईची व्यवस्था लावायला म्हणून आम्ही आखाड्यावर गेलो. चाक पोत्यांवर तसंच पडलेलं, पण वर ताडपत्री घातलेली. चुलतभाऊ धार काढून दुधाची कासंडी घेऊन आला. मांडवात माणसं जमली, कोणीतरी चूल पेटवून चहा ठेवला. अप्पांच्या अंगात जीव आला. मी सांगितलं, गाय विकायची, अप्पा आता नांदेडलाच.

चुलतभावानं कासंडी खाली ठेवली. "कामून? फ्रीजसाठी?" तो म्हणाला. "माज्या घरी गावात फ्रीज हाय की. लाइट हाय. बाटल्या तिथं ठिवा. सकाळ-संध्याकाळ धारंला येतोच म्या, तवा गार पाण्याच्या तांब्यात घालून आणतो. जिम्मा माजा."

सगळ्या जगात ज्या एका माणसाच्या हाती मी अप्पांचं औषध दिलं नसतं, तो हा. माझ्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. फ्रीज रात्री बंद करत असेल तर? बाटली बर्फाच्या कप्प्यात टाकून गोठवली तर? आखाडा रिकामा झाला तर बांध कोणाचा? मी अप्पांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, गाईकडंही बघत नव्हते. हातातला कप तसाच धरून खाली मातीकडं बघत होते. मी काय म्हणेन ते ऐकायची त्यांना भीती वाटत होती. मला माझ्या बापानं घाबरावं, हे मला सहन झालं नाही.

अप्पांच्या सुईसाठी बरोबर घेतलेला बर्फाचा डबा मी गाडीतून आणला. दाराच्या कप्प्यात नको, मधल्या कप्प्यात ठेव, बर्फाला टेकू देऊ नकोस, सगळं सांगितलं. त्यानं मान डोलावली. मी डबा पुढं केला. त्यानं लगेच घेतला नाही. आधी हात विजारीला पुसले, मग झाकण उघडलं आणि एकेक बाटली बाहेर काढून, उन्हात धरून, सगळ्या बाजूंनी फिरवून बघायला लागला. सील बघितलं. आत कण आहेत का ते बघितलं. बसलेल्या माणसांनाही दाखवलं.

"काय बघतोस?" मी विचारलं.

"आत्ताच सगळ्यांसमोर बघून घेतो, अक्का," तो म्हणाला. "उद्या एखादी खराब निघाली तर तुमी माजंच नाव घेताल."

तो चिडून बोलला नव्हता. मी त्याचंच नाव घेतलं असतं.